दिवाणी दाव्याची पूर्वतयारी

दिवाणी दावा सुनावणीस येण्यापूर्वी कागदपत्रे जमविणे, ती तपासून क्रमवार लावणे, हकीकत कालानुक्रमे मांडणे, साक्षीदार ठरविणे आणि मुदती सांभाळणे या कामांस दाव्याची पूर्वतयारी म्हणतात. हे काम वकिलाच्या देखरेखीखाली करणारा, परंतु वकिलीची सनद नसलेला जाणकार म्हणजे विधिसाहाय्यक होय. संज्ञा अर्वाचीन असली, तरी काम जुने आहे. पुणे जिल्ह्यातील भोर व वेल्हे या मावळी भागाच्या इतिहासावरून त्याचे स्वरूप स्पष्ट होते.

मराठा अमदानीत जमीन, वतन व मानपान यांसंबंधीचे तंटे प्रायः गोतसभेपुढे येत. तीत देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी व बलुतेदार बसत. अग्रवादी (वादी) व पश्चिमवादी (प्रतिवादी) यांच्याकडून निवाडा मान्य करण्याबद्दल राजीनामा व जामीन घेत. नंतर प्रत्येकाची तकरीर म्हणजे निवेदन लिहून घेत. कागदपत्रे, भोगवटा व शेजाऱ्यांच्या साक्षी हा मुख्य पुरावा असे. तो अपुरा पडल्यास दिव्याचा अवलंब होई. निर्णय महजरात नमूद करून त्यावर उपस्थितांच्या सह्या व नांगरासारख्या निशाण्या होत. जिंकणाऱ्याकडून हरकी अथवा शेरणी आणि हरणाऱ्याकडून गुन्हेगारी वसूल केली जाई. व्यवसाय म्हणून वकिली करणारा वर्ग तेव्हा नव्हता. घराण्याच्या हक्कांची साद्यंत हकीकत करीन्यात लिहीत. रोहिडखोऱ्याच्या देशमुखांचा जेधे करीना हा त्याचा परिचित नमुना होय. असे लेखन व दप्तर राखणे ही विद्या लेखकवर्गाच्या घराण्यांत वडिलांच्या हाताखाली शिकली जाई. त्यामुळे ज्याच्या घरी दप्तर, त्याचे पारडे सहसा जड राही.

ब्रिटिश मुलखात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेने दिवाणी न्यायालयांची रचना निश्चित केली. पुढे १८५९ ची दिवाणी प्रक्रिया संहिता व १८७२ चा पुराव्याचा कायदा आला. भोर हे संस्थान असल्याने येथील न्यायदान १९४८ मधील विलीनीकरणापर्यंत संस्थानी अमलाखाली राहिले. या स्थित्यंतराचा मुख्य परिणाम असा, की पुराव्याचे ठिकाण बदलले. गोतसभेत बांधाची माहिती असलेला शेजारीच न्यायसभेत बसे. नव्या न्यायालयात तो केवळ साक्षीदार उरला आणि कागद पुढे आला. पक्षकार व वकील यांमधील दुवा वकिलाचा कारकून बनला. त्याचे शिक्षण पाहून व नकला करूनच होई.

१९०८ च्या विद्यमान संहितेनुसार प्रतिवादीने समन्स मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी कैफियत द्यावयाची असते. कारणे नोंदवून न्यायालय ही मुदत नव्वद दिवसांपर्यंत वाढवू शकते. शासनाविरुद्ध दावा करण्यापूर्वी सामान्यतः दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. पासलीसारख्या डोंगरी गावातील शेतकऱ्याच्या जमिनीचा दावा घेतल्यास सातबारा, फेरफार, खरेदीखत, वारसनोंद व मोजणीचा नकाशा ही कागदपत्रे लागतात. फेरफाराची नोंद खरी असल्याचे गृहीत धरले जाते. परंतु ते गृहीतक खोडून काढता येते आणि केवळ त्या नोंदीने मालकी सिद्ध होत नाही. हा भेद ध्यानात न आल्यास मूळ खरेदीखत शोधलेच जात नाही. जुने दस्त मोडीत असल्यास लिप्यंतर करून घ्यावे लागते.

म्हणून विधिसाहाय्यकाच्या शिक्षणात दस्तांची सूची, प्रमाणित प्रती, तारखांचा तक्ता व सरतपासाच्या प्रतिज्ञापत्राचा कच्चा मसुदा यांवर भर असावा लागतो. साक्षीदारास हकीकत आठवण्यास साहाय्य करणे योग्य. उत्तरे पढविणे निषिद्ध होय. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार वकिलीचा अधिकार अधिवक्त्यासच असतो, ही मर्यादाही त्यास शिकवावी लागते.

१९७६ मध्ये संविधानात अनुच्छेद ३९ क समाविष्ट झाला व १९८७ मध्ये विधी सेवा प्राधिकरण अधिनियम संमत झाला. राष्ट्रीय प्राधिकरणाने २००९ मध्ये विधी स्वयंसेवकांची योजना आखली. तिचा भर कायद्याची जाणीव व प्राथमिक साहाय्य यांवर आहे. दाव्याची पूर्वतयारी हे त्याहून वेगळे कौशल्य होय. न्यायसभा गावातून उठली, तेव्हा हक्क शाबीत करण्याचा भार एकट्या पक्षकारावर आला. तो पेलण्यास जाणता साहाय्यक न मिळाल्यास हक्क असूनही दावा हरण्याची वेळ येते.