मावळातील छायाचित्रण, भिंगे व उपसाधने

मावळातील छायाचित्रण, भिंगे व उपसाधने : पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील मावळ तालुका व त्यातील लोणावळा-खंडाळ्याचा घाटमाथा यांची छायाचित्रे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून घेतली जात आहेत. अंधारी लेणी, उभे कडे, दाट धुके, वर्षाकाठी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस आणि हिवाळ्यातील स्वच्छ ऊन या सर्व गोष्टी येथे थोडक्या अंतरात आढळतात. त्यामुळे छायाचित्रकाराच्या साधनांची येथे जशी कसोटी लागते, तशी महाराष्ट्रात क्वचितच अन्यत्र लागते. कॅमेऱ्याची पेटी काळानुसार बदलत गेली, तरी कोणते भिंग घ्यावे व त्याच्या जोडीला काय वाहून न्यावे, हा प्रश्न प्रत्येक पिढीपुढे नव्याने उभा राहिला. एकविसाव्या शतकात मिररलेस या नावाने ओळखला जाणारा आरसाविरहित अंकीय कॅमेरा प्रचारात आल्यावरही तो तसाच उरला आहे.

मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे ही संस्था स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड व त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सदस्यांपैकी होत. लगोलग १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली आर्द्र पट्टिकेची पद्धत तेव्हा रूढ होत होती. तीत काचेवर कलोडियनाचा थर देऊन ती रौप्य नायट्रेटाच्या द्रावणात बुडवीत आणि ओली असतानाच तिचे उद्भासन व विकसन उरकीत. उन्हाळ्याच्या दिवसांत त्यासाठी जेमतेम काही मिनिटे मिळत. साहजिकच काळोख्या खोलीचे काम करणारा तंबू, रसायनांच्या बाटल्या, काचांच्या पेट्या, स्वच्छ पाणी आणि हे सर्व वाहणारे हमाल ही त्या काळची ‘उपसाधने’ होती. भिंग एखादेच असे.

मावळच्या छायाचित्रणातील पहिले मोठे प्रकरण बोर घाटातील लोहमार्गाचे आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे मुख्य अभियंता जेम्स जॉन बर्कली यांच्या आराखड्यानुसार या कामास जानेवारी १८५६ मध्ये आरंभ झाला. सु. २५ किमी. लांबीत ५५८ मी. चढण, २५ बोगदे व ८ मोठे पूल असे त्याचे स्वरूप होते. पहिले कंत्राटदार विल्यम फॅव्हिएल यांनी १८५९ मध्ये काम सोडले व ते सॉलोमन ट्रेडवेल यांच्याकडे आले. परंतु भारतात पोहोचल्यावर काही दिवसांतच ट्रेडवेल यांचा मृत्यू झाला. त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट पुढे चालविले आणि ॲडमसन व क्लाउझर या अभियंत्यांकडे प्रत्यक्ष व्यवस्था सोपविली. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला. चालू कामाची जी छायाचित्रे उपलब्ध आहेत, ती ॲलिस ट्रेडवेल यांच्या नावावर आहेत.

या चित्रांकडे पाहताना तत्कालीन भिंगांच्या मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. योझेफ पेट्सव्हाल यांनी १८४० मध्ये गणिताने सिद्ध केलेले व्यक्तिचित्रणाचे भिंग भरपूर प्रकाश आत घेई. मात्र त्याचे दृश्यक्षेत्र अरुंद असे व चित्राच्या कडा पुसट येत. निसर्गदृश्यांचे साधे भिंग अधिक रुंद दृश्य देई, पण लहान छिद्रानेच वापरावे लागे. त्यामुळे उद्भासन लांबे आणि कडेला येणारी सरळ रेषा वाकलेली दिसे. पुलाच्या खांबांचे चित्र घेणाऱ्यास हा दोष जाचक होता. त्यावर समाधानकारक तोड काढणारी, दोन सारख्या अर्धांची सममित भिंगे इंग्लंडात डाल्मायर यांनी व जर्मनीत श्टाइनहाइल यांनी १८६६ मध्ये, म्हणजे घाट खुला झाल्यानंतर तीन वर्षांनी, बाजारात आणली. लांब उद्भासनाचा दुसरा परिणाम अधिक गंभीर आहे. कामाच्या भरात १८६१ च्या सुमारास ४०,००० हून अधिक मजूर घाटात राबत होते आणि पटकीने व अपघातांनी त्यांपैकी हजारो दगावले. परंतु अशा पट्टिकेवर उमटतो तो स्थिर उभा राहिलेला माणूस. पाटी उचलणारा, सुरुंग ठासणारा, चालता माणूस धुरकट डाग होऊन जातो किंवा नाहीसाच होतो. घाटाच्या जुन्या चित्रांत दगड स्पष्ट व श्रम अस्पष्ट दिसतात, त्याचे एक कारण असे भिंगात व रसायनात आहे. कलोडियन निळ्या प्रकाशास फार व हिरव्या-तांबड्यास अगदी थोडे संवेदनशील असल्याने आभाळ कोरे पांढरे येई आणि मावळची हिरवाई काळवंडून जाई, हेही येथे नमूद केले पाहिजे. हेर्मान फोगेल यांनी १८७३ मध्ये रंजकद्रव्ये मिसळून पट्टिकेची वर्णसंवेदनशीलता वाढविल्यानंतर पिवळा गाळणकाच हे उपसाधन उपयोगी ठरू लागले.

लेण्यांचा प्रश्न याहून अवघड होता. भाजे, बेडसे व कार्ले येथील बौद्ध लेणी इ. स. पू. दुसऱ्या शतकापासून पुढे खोदली गेली. कार्ल्याचे चैत्यगृह सु. ३८ मी. लांब व १४ मी. उंच असून त्यात ३७ स्तंभ आहेत. आत येणारा प्रकाश मुख्यतः दर्शनी भागावरील नालाकृती गवाक्षातून येतो. तो स्तूपाच्या रोखाने पडतो आणि बाजूच्या पाखा अंधारात राहतात. कार्ले व भाजे ही लेणी पश्चिमाभिमुख असल्याने दुपारनंतर, तर पूर्वाभिमुख बेडसे सकाळी चांगले उजळते. छायाचित्रकारास याहून मोलाची माहिती दुसरी नाही. तीस पैसे पडत नाहीत आणि कोणत्याही भिंगाने तिची उणीव भरून निघत नाही. बाहेर पांढऱ्या कापडाने वा आरशाने ऊन आत वळविणे आणि मॅग्नेशियमाची फीत जाळणे हे एकोणिसाव्या शतकातील अंधाऱ्या वास्तूंच्या चित्रणाचे उपाय होत. पियाझी स्मिथ यांनी १८६५ मध्ये ईजिप्तच्या मोठ्या पिरॅमिडमध्ये दुसऱ्याचा अवलंब केला होता. पश्चिम भारतातील लेण्यांबाबत मेजर रॉबर्ट गिल यांच्या अजिंठा-वेरूळच्या छायाचित्रांचे पुस्तक १८६४ मध्ये, तर फर्ग्युसन व बर्जेस यांचा लेण्यांवरील मोठा ग्रंथ १८८० मध्ये प्रसिद्ध झाला.

कार्ल्याच्या दर्शनी भागापुढे एकवीरा देवीचे मंदिर व खडकात सोडलेली पडभिंत असल्याने मागे सरकण्यास जागा थोडी आहे. अशा ठिकाणी कॅमेरा वर कलवला की स्तंभ आत झुकलेले दिसतात. जुन्या भात्याच्या कॅमेऱ्यात भिंगाची पाटी वर सरकविण्याची सोय होती. कॅमेरा सपाट ठेवून केवळ भिंग उचलले की स्तंभ सरळ राहत. पस्तीस मिमी. फिल्मच्या लहान कॅमेऱ्यांनी ही सोय गमावली. ती १९६२ च्या सुमारास निकॉनने सरकत्या भिंगाच्या रूपाने परत आणली.

मावळचा भिंगाशी आलेला दुसरा संबंध छापखान्यांचा असून तो फारसा सांगितला जात नाही. राजा रविवर्मा यांचा शिलामुद्रणालय-उद्योग मुंबईहून निघून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्ले-भाजे लेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या मळवली येथे आला. पुढे तो फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला व १९७२ मध्ये आगीत नष्ट झाला. बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकलेले आणि पुरातत्त्व खात्यात नोकरी केलेले धुंडिराज गोविंद फाळके यांनी १९०६ च्या सुमारास लोणावळ्यात ‘फाळके एनग्रेव्हिंग अँड प्रिंटिंग वर्क्स’ हा कारखाना काढला. रविवर्म्यांच्या चित्रांची छायाशिलामुद्रणे करणे हे तेथील मुख्य काम होते. नंतर जाळीदार ठसे व तिरंगी छपाईही होऊ लागली. तिरंगी कामात एकाच चित्राची तीन गाळणकाचांतून तीन व्यस्तचित्रे घेतात आणि ती तंतोतंत एका आकाराची यावी लागतात. भिंग तांबड्या व निळ्या प्रकाशाला थोडे वेगळे मोठेपण देत असेल, तर छापताना रंग एकमेकांवर बसत नाहीत. वर्णविपथन म्हणजे काय, हे येथे कागदावर उमटून दिसे. हा कारखाना नंतर दादरला गेला. फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला, कुंडीतील रोपाची वाढ एकेक चौकट टिपून चित्रित केली आणि १९१३ मध्ये राजा हरिश्चंद्र हा चित्रपट प्रदर्शित केला.

दरम्यान कार्ल त्साइस कंपनीत पाउल रुडोल्फ यांनी तयार केलेले टेसार भिंग १९०२ मध्ये, तर लायका कॅमेरा १९२५ मध्ये बाजारात आला. परावर्तनरोधी लेप त्साइसमध्येच आलेक्सांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधला. लेण्यातून गवाक्षाकडे तोंड करून घेतलेल्या चित्रातील धुरकटपणा त्यामुळे पुष्कळ घटला. स्वातंत्र्योत्तर काळात आयातीवरील निर्बंधांमुळे परदेशी भिंगे दुर्मिळ व महाग होती. लोणावळ्यास सहलीला जाणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाजवळ बहुधा एका साध्या भिंगाचा, १२ चित्रांचा आग्फा क्लिक असे आणि १९६७ पासून उटकमंडच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सच्या कृष्णधवल फिल्मही मिळू लागल्या. भिंग निवडण्याचा प्रश्नच तेव्हा बहुतेकांपुढे नव्हता.

एकभिंगी परावर्ती कॅमेऱ्यात भिंगामागील आरसा दृश्य नेत्रिकेकडे वळवितो व चित्र घेताना वर उचलला जातो. आरशाला जागा हवी म्हणून भिंगाची बैठक संवेदकापासून दूर ठेवावी लागते. निकॉनच्या जुन्या बैठकीत हे अंतर ४६·५ मिमी. होते. त्यामुळे रुंद दृश्याची भिंगे उलट्या दुर्बिणीच्या तत्त्वावर, अधिक काचा घालून बनवावी लागत. पॅनासॉनिकने २००८ मध्ये आरसा काढून टाकलेला जी-१ हा कॅमेरा आणला. सोनीने २०१३ मध्ये ३६ × २४ मिमी. संवेदकाचे आणि कॅनन व निकॉन यांनी २०१८ मध्ये त्याच मापाचे असे कॅमेरे काढले. सोनीचे बैठकीचे अंतर १८ मिमी., कॅननचे २० मिमी. व निकॉनचे १६ मिमी. आहे. भिंगाची मागची काच संवेदकाजवळ आणता येत असल्याने रुंद दृश्याच्या भिंगांची रचना सुकर झाली. शिवाय उरलेल्या अंतराएवढे कडे बसवून जुनी परावर्ती कॅमेऱ्यांची भिंगेही वापरता येतात. घरातील जुनी भिंगे टाकून देण्याची घाई म्हणूनच करू नये.

मावळात असा कॅमेरा घेऊन फिरणाऱ्यास पूर्ण मापाच्या संवेदकावर २४ ते ७० मिमी. केंद्रांतराचे एक बदलते भिंग बहुतांश कामाला पुरते. १·५ पट लहान संवेदकावर तेच दृश्य सु. १६ ते ४७ मिमी.ने मिळते. चैत्यगृहासाठी याहून रुंद भिंग घेण्याचा मोह होतो. १४ मिमी.च्या भिंगाने कार्ल्याचा सभामंडप आहे त्याहून कितीतरी लांब दिसतो, स्तूप मात्र दूर जाऊन बारीक होतो. हे चित्र आकर्षक असले तरी वास्तूचे प्रमाण त्यात बिघडते. भाज्याच्या विहारातील रथारूढ देवता व गजारूढ देवता यांच्या शिल्पांसाठी ५० ते ८५ मिमी.चे स्थिर, मोठ्या छिद्राचे भिंग आणि बाजूने येणारा उजेड पाहिजे. समोरून टाकलेला झगझगीत प्रकाश उठाव पुसून टाकतो. लोहगडावरून तुंग-तिकोना टिपायचे तर २०० मिमी.पर्यंतचे भिंग लागते. तथापि उन्हाळ्यातील धुरळ्यापुढे तेही हतबल होते व पावसानंतरचा एखादा दिवसच उपयोगी पडतो.

लेण्यांमध्ये तिपाई लावण्यास पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी लागते. कॅमेऱ्याच्या अंगातच संवेदक हलवून कंप शोषणारी यंत्रणा असेल, तर हातात धरूनही मंद प्रकाशात चित्र येऊ शकते. विजेऱ्या मात्र जास्तीच्या हव्यात, कारण विद्युत् नेत्रिका सतत जळत असते. पावसाळ्यात ओल्या पानांवरची चकाकी काढणारी ध्रुवणकाच आणि धबधब्यासाठी प्रकाश कमी करणारी करडी काच या दोनच गाळणकाचा खऱ्या अर्थाने गरजेच्या आहेत. पेटीभर काचा विकणारे पुष्कळ भेटतात. मे-अखेरीपासून राजमाची परिसरात काजवे चमकतात. त्यांच्यासाठी मोठ्या छिद्राचे रुंद भिंग, तिपाई व कळ न हलवता झडप उघडणारी दूरकळ लागते. काजव्यांचे लुकलुकणे हा नर-माद्यांचा परस्परसंकेत असल्याने तेथे विजेरीचा झोत किंवा प्रकाशक्षेपक वापरल्यास त्यांच्या मीलनात व्यत्यय येतो.

भिंगे बदलताना आरसाविरहित कॅमेऱ्याचा संवेदक उघडा पडतो आणि घाटातील धुके व तुषार सरळ त्यावर बसतात. यास्तव पावसात भिंग न बदलणेच इष्ट. लोणावळ्याच्या दमट हवेत भिंगाच्या आतील काचांवर बुरशीचे धागे पसरतात व तिच्या स्रावाने लेप कायमचा खराब होतो. चामड्याच्या पिशवीत ओल धरून राहते. त्याऐवजी घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून भिंगे ठेवतात आणि पुड्यांतील दाण्यांचा रंग बदलला की त्या तापवून पुन्हा कोरड्या करून घेतात.