ठराव रद्द करणे

ठराव रद्द करणे : सभागृहाने किंवा सभेने रीतसर मंजूर केलेला ठराव नवा ठराव करून मागे घेण्याची वा बदलण्याची कार्यपद्धती. बोलीभाषेत याला ‘ठराव फिरवणे’ म्हणतात. लोकसभेपासून ग्रामपंचायतीपर्यंत तत्त्व एकच आहे : ज्या सभेने ठरवले, तिनेच ते उघडपणे, सभासदांना आधी कळवून फिरवावे.

संसदेतील पद्धत : लोकसभेच्या नियम 338 नुसार ज्या प्रश्नावर सभागृहाने निर्णय दिला आहे, जवळपास तोच प्रश्न त्याच अधिवेशनात पुन्हा मांडता येत नाही. नंतरच्या काळात मात्र सभागृह आपला निर्णय बदलू शकते. 19 डिसेंबर 1978 रोजी लोकसभेने विशेषाधिकारभंगाच्या प्रकरणात इंदिरा गांधी यांचे सदस्यत्व रद्द केले होते. सातव्या लोकसभेने 7 मे 1981 रोजी तो ठराव मागे घेतला.

स्थानिक संस्था : बीड, परळी, अंबाजोगाई, माजलगाव, गेवराई आणि धारूर येथील नगरपरिषदांना 1965 चा नगरपरिषद अधिनियम लागू आहे. त्यानुसार मंजुरीनंतर तीन महिन्यांच्या आत ठराव बदलायचा असेल, तर केवळ हजर सभासदांचे साधे बहुमत पुरत नाही. एकूण सदस्यसंख्येच्या प्रमाणात पाठिंबा लागतो. मूळ ठराव आणि प्रस्तावित बदल हे दोन्ही सभेच्या नोटिशीत द्यावे लागतात. त्यामुळे ‘ऐनवेळचे विषय’ या सदराखाली जुना ठराव फिरवणे गैर ठरते. मागील सभेचे इतिवृत्त कायम करताना नोंद बरोबर आहे की नाही एवढेच पाहायचे असते. मूळ निर्णय त्या वेळी बदलता येत नाही. जिल्हाधिकारी कलम 308 खाली नगरपरिषदेच्या ठरावाला स्थगिती देऊ शकतात; पण ते बाहेरून आलेले नियंत्रण असते. सभेने स्वतःचा निर्णय बदलण्याशी त्याची गल्लत करू नये.

थेट सरपंच निवड : कायद्याने केलेला निर्णय फिरवायला ठराव पुरत नाही, कायद्यातच दुरुस्ती करावी लागते. परळीच्या आमदार पंकजा मुंडे ग्रामविकास मंत्री असताना, 2017 मध्ये, सरपंचाची निवड थेट मतदारांकडे देण्यात आली. त्यापूर्वी निवडून आलेले सदस्य आपल्यातून सरपंच निवडत. महाविकास आघाडी सरकारने जानेवारी 2020 मध्ये थेट निवड रद्द करण्याचे ठरवले. राज्यपालांनी अध्यादेशावर सही केली नाही, म्हणून फेब्रुवारीत विधिमंडळात विधेयक आणून ती रद्द झाली. जुलै 2022 मध्ये शिंदे सरकारने ती पुन्हा आणण्याचा निर्णय घेतला आणि ऑगस्टच्या अधिवेशनात तसा कायदा संमत झाला. 18 डिसेंबर 2022 रोजी बीडसह राज्यभरातील ग्रामपंचायतींसाठी मतदान झाले, तेव्हा सरपंच पुन्हा थेट निवडले गेले.

परिणाम : निर्णय फिरवला तरी त्याखाली आधीच पार पडलेल्या गोष्टी आपोआप पुसल्या जात नाहीत. 2020 च्या दुरुस्तीने 2017 चे थेट सरपंच पायउतार झाले नाहीत. जानेवारी 2021 मध्ये निवडणूक झालेल्या गावांत मात्र सदस्यांनी सरपंच निवडले. शेजारशेजारच्या गावांत त्यामुळे दोन वेगळ्या पद्धतींनी आलेले सरपंच कारभार पाहू लागले. थेट निवडलेल्या सरपंचाला हटवण्याची वाटही मुद्दाम अवघड ठेवली आहे. पहिली दोन वर्षे अविश्वास ठराव आणता येत नाही. नंतर तो सदस्यांच्या तीन-चतुर्थांश बहुमताने मंजूर व्हावा लागतो आणि त्यावर ग्रामसभेने गुप्त मतदानाने शिक्कामोर्तब करावे लागते. मतदारांनी दिलेले पद मतदारांनाच विचारून काढून घ्यावे, हा त्यामागचा न्याय आहे.

महत्त्व : चुकलेला निर्णय सुधारता येणे ही लोकशाहीची ताकद आहे; तो रातोरात, नोटीस न देता फिरवता येणे हा तिला धोका आहे. म्हणून गैरहजर सभासदालाही आधी कळेल अशी नोटीस, पुरेसे बहुमत आणि इतिवृत्तात सूचक-अनुमोदकांच्या नावांसह नोंद, या तीन गोष्टी प्रत्येक सभेने कटाक्षाने पाळल्या पाहिजेत.