इंग्रजी म्हणींची भाजीमंडई

इतिहास जसा ताम्रपटांत आणि बखरींत सापडतो, तसा तो म्हणींतही सापडतो. कोणत्या काळी कोणती भाजी लोकांच्या रोजच्या जेवणात होती, हे म्हणी सांगून जातात. शाळेत आपण सर्वांनी इंग्रजी वाक्प्रचार अर्थांसह घोकले. त्यांच्यामागची हकीकत मात्र राहूनच गेली. ती थोडी पाहू.

‘फाइन वर्ड्‌स बटर नो पार्स्निप्स’, म्हणजे गोड शब्दांनी पार्स्निपला लोणी लागत नाही. नुसत्या बोलण्याने काम होत नाही. पार्स्निप हे गाजराच्या कुळातले, फिकट रंगाचे गोडसर मूळ. जॉन क्लार्क यांनी 1639 साली छापलेल्या म्हणींच्या संग्रहात ही म्हण आहे. तेव्हा बटाटा इंग्लंडात पोचला होता, पण सामान्य माणसाच्या ताटात आला नव्हता. पोटभरीला पार्स्निप आणि सलगम असत. पुढे बटाट्याने ती जागा घेतली, पार्स्निप मागे पडले. म्हण मात्र राहिली.

बटाटा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. स्पॅनिश लोकांनी तो सोळाव्या शतकात युरोपात आणला. ‘हॉट पोटॅटो’ त्याहून जुना असणे शक्यच नाही. एकोणिसाव्या शतकात कोणी एखाद्याचा संबंध झटकन तोडला, तर त्याला गरम बटाट्यासारखे टाकले असे म्हणत. उकडलेला बटाटा वरून निवलेला वाटतो, पण आत धग धरून असतो. पुढे, कोणीच हातात घेऊ इच्छित नाही अशा अडचणीच्या प्रश्नाला हे नाव पडले. आम्ही इंदूरकर घरात बटाटा म्हणतो आणि मंडईत आलू. पण घरातला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला आहे. आपल्या जुन्या म्हणींत वांगे, भोपळा, कारले, कोहळा, अळू सगळे भेटतात. बटाटा सहसा भेटत नाही. पाहुणा उशिरा आला!

काही भाज्या मात्र तिकडच्या जुन्या रहिवासी. दोन माणसे हुबेहूब सारखी असली की इंग्रज त्यांना वाटाण्याच्या दाण्यांची उपमा देतो. जॉन लिली यांच्या 1580 सालच्या पुस्तकात ती आहे. शांत डोक्याच्या माणसाला काकडीसारखा थंड म्हणणे जॉन गे यांच्या 1732 सालच्या कवितेत आढळते.

म्हणींभोवती दंतकथाही जमतात. ‘स्पिल द बीन्स’ म्हणजे गुपित फोडणे. प्राचीन ग्रीसमध्ये घेवड्यासारख्या दाण्यांनी मतदान होई, भांडे सांडले की निकाल फुटे, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट छान आहे, पण हा वाक्प्रचार विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत छापून येऊ लागला. तसेच ‘नो युअर अनियन्स’चे. आपल्या विषयात मुरलेल्या माणसाला कांद्यांची जाण आहे म्हणतात. याचा संबंध ऑक्सफर्डच्या महाकोशाचे एक संपादक सी. टी. अनियन्स यांच्या आडनावाशी जोडला जातो. पण हाही 1920च्या दशकातला अमेरिकी बोलीचा प्रयोग.

गाजर मात्र थेट आपल्या घरात शिरले. गाढवापुढे गाजर आणि मागे काठी या इंग्रजी चित्रातूनच आपले ‘गाजर दाखवणे’ आले. आपले स्वतःचे गाजर वेगळेच होते. वाजली तर वाजली, नाहीतर मोडून खाल्ली ती गाजराची पुंगी. आणि ज्याला पारख नाही तो गाजरपारखी.

इंग्रजांच्या घरी आजही नाताळच्या जेवणात भाजलेले पार्स्निप असते. विस्मरणात जाणारी भाजी सणाने आणि म्हणीने धरून ठेवली. आपल्याकडे हेच काम ऋषिपंचमीची भाजी करते. बैलाच्या कष्टाचे त्या दिवशी खायचे नाही, म्हणून अळू, सुरण, भोपळा वर्षातून एकदा तरी एकत्र शिजतात. आमच्या नातवंडांना ‘हॉट पोटॅटो’ लगेच कळतो. ‘अळवावरचे पाणी’ म्हटले की ती आमच्या तोंडाकडे पाहतात. समजावून सांगण्यापेक्षा, यंदा मंडईतून अरबीचे पत्ते आणले की चिरण्याआधी एका पानावर त्यांच्याच हातून पाण्याचे चार थेंब टाकवावेत. थेंब घरंगळला की म्हण कळते.