टायरचे माप व चाकाची रुंदी

टायरचे माप व चाकाची रुंदी : मोटारगाडीच्या चाकाच्या धातूच्या कडेवर, म्हणजे रिमवर, टायर बसविताना दोहोंच्या रुंदींत राखावयाचे प्रमाण. ते चुकल्यास टायर लवकर झिजतो, गाडीवरील ताबा कमी होतो व प्रसंगी टायर रिमवरून निसटतो. चाकाला नेमकी धाव बसविण्याचा हा प्रश्न मोटारीहून जुना आहे. अहमदनगर जिल्ह्यात (२०२४ पासून अहिल्यानगर) बैलगाडीपासून लष्करी वाहनांपर्यंत त्याच्या निरनिराळ्या अवस्था आढळतात.

बैलगाडीच्या लाकडी चाकावर लोखंडी धाव बसविताना लोहार चाकाचा परिघ मोजून धाव किंचित आखूड ठेवतो. ती तापवून चाकावर चढवितात व पाणी ओतून आवळतात. धाव सैल राहिल्यास गळून पडते. फार आखूड झाल्यास आरे व तुंबा यांवर ताण येऊन चाक वेडेवाकडे होते. रुंदीलाही महत्त्व होते. गोदावरीकाठच्या काळ्या जमिनीत अरुंद धाव खोल चाकोरी पाडते व बैलांचे श्रम वाढविते.

रॉबर्ट विल्यम टॉमसन यांनी १८४५ मध्ये हवा भरलेल्या टायरचे एकस्व घेतले. परंतु त्याचा व्यवहारात प्रसार जॉन बॉइड डनलॉप यांच्या १८८८ मधील टायरनंतर झाला. १८९० मध्ये चार्ल्स किंग्स्टन वेल्च यांनी न ताणणाऱ्या तारेची कडा असलेला टायर व मध्यभागी खोलगट रिम यांचे एकस्व घेतले. आजच्या मोटारींची चाके याच तत्त्वावर आधारलेली आहेत.

प्रवरानगर येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०–५१ मध्ये झाला. ऊस वाहतुकीत पुढे लाकडी चाकांच्या गाड्यांच्या जोडीला टायरगाड्या आल्या. धारवे व रबरी टायर यांमुळे ओढण्यास लागणारा जोर कमी झाला व एक बैलजोडी अधिक ऊस नेऊ लागली. तथापि टायर जेवढा भार पेलतो, तेवढा बैलाला पेलवतोच असे नाही. पाथर्डी, शेवगाव व बीडकडून येणाऱ्या ऊसतोडणी कामगारांची उपजीविका मात्र या दोहोंवर अवलंबून असते.

मोटारीच्या जुन्या टायरांची मापे इंचांत देत. दुसऱ्या महायुद्धातील जीपचा टायर ६·००–१६ असा होता; म्हणजे रुंदी ६ इंच व रिमचा व्यास १६ इंच. त्याचा रिम ४·५ इंच रुंद, म्हणजे टायरच्या ७५ टक्के होता. अँबॅसडर मोटारीस ५·९०–१५ मापाचा टायर असे. मिशलँ कंपनीने १९४६ मध्ये रेडियल टायरचे एकस्व घेतल्यानंतर या प्रकाराचा प्रसार झाला व मापनपद्धतीही बदलली. १७५/६५ आर १४ या मापात १७५ मिमी. ही छेदरुंदी, ६५ ही बाजूच्या भिंतीच्या उंचीची रुंदीशी टक्केवारी, ‘आर’ म्हणजे रेडियल व १४ इंच हा रिमचा व्यास होय.

रिमची रुंदी दोन्ही कडांच्या आतील बाजूंमध्ये मोजतात. बाहेरून मोजलेले अंतर अधिक भरते. १७५/६५ आर १४ या टायरचे प्रमाण-माप ५ इंच रुंद रिमवर घेतात. २०५/५५ आर १६ साठी हा रिम ६·५ इंचांचा असून ५·५ ते ७·५ इंच रुंदीचे रिम चालतात. बुटक्या टायरांत रिमचे प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास जाते. रिम अर्ध्या इंचाने रुंद झाल्यास टायरची छेदरुंदी सुमारे ५ मिमी. वाढते.

अरुंद रिमवर रुंद टायर बसविल्यास भिंती फुगतात, तळ मध्यभागी अधिक झिजतो व वळणावर गाडी झोलते. रुंद रिमवर अरुंद टायर ताणला जातो व खड्ड्यांत रिमच्या कडेस मार बसतो. नळीविरहित टायरमध्ये हवा रोखण्याचे काम टायरची कडा व रिम यांच्या घट्ट संपर्कावरच अवलंबून असल्याने धोका वाढतो. व्यासही पाहावा लागतो : १७५/६५ आर १४ चा व्यास सुमारे ५८३ मिमी., तर १८५/६५ आर १४ चा ५९६ मिमी. असतो. असा बदल केल्यास वेगमापक प्रत्यक्षाहून सुमारे २ टक्के कमी वेग दाखवितो.

अहमदनगर येथील वाहन संशोधन व विकास संस्था ही संरक्षण संशोधन व विकास संघटनेची प्रयोगशाळा असून केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये वाहनांची चाचणी करणाऱ्या अधिकृत संस्थांपैकी एक आहे. याच नियमांत टायरची स्थिती व माप यांविषयी तरतुदी आहेत (नियम ९४ व ९५). मोटारगाडीच्या टायरवरील खाचांची खोली १·६ मिमी.हून कमी असता कामा नये. टायर बदलताना वाहननिर्मात्याने दिलेले माप, भारनिर्देशांक व हवेचा दाब पाळणे आणि रिमवर कोरलेली रुंदी टायर-उत्पादकाच्या कोष्टकाशी ताडून पाहणे इष्ट होय. केवळ दिखाऊपणासाठी रुंद टायर घेतल्यास पकड वाढतेच असे नाही. तो पेलणारा रिमही त्याच मापाचा असावा लागतो.