श्वास आणि दिवसांचा हिशेब

माझे घराणे मूळचे बिदरकडचे. नोकरीच्या निमित्ताने इंदुरात आलो आणि रामबागेचाच होऊन गेलो. होळकरांच्या या नगरीत पहिल्या महायुद्धाच्या काळात स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांनी दिवाळीची एक अजब मिरवणूक काढली होती. प्लेगच्या उंदराची भलीमोठी प्रतिमा गावभर फिरवून शेवटी जाळली. शत्रू लोकांना डोळ्यांनी दिसला. त्यांनी घरेदारे झाडली.

१९१८च्या इन्फ्लुएंझाला असा दाखवायला उंदीर नव्हता. जूनमध्ये मुंबईत सौम्यपणे आलेली साथ सप्टेंबर-ऑक्टोबरात काळ होऊन परतली. देशात कोटीहून अधिक माणसे गेली. काहींचे ओठ-कान जांभळे पडत आणि ती पाहता पाहता जात. पुष्कळांचा बळी मात्र विषाणूमागून फुप्फुसात शिरलेल्या जिवाणूंच्या न्यूमोनियाने घेतला. त्या विषाणूची ओळख पटायला १९३३ साल उजाडले.

१९६७मध्ये अमेरिकेतील डेन्व्हरच्या डॉक्टरांनी १२ रुग्णांची हकिगत छापली. कोणी अपघातात जखमी, कोणाच्या स्वादुपिंडाला सूज, कोणाला विषाणूची बाधा. फुप्फुसे मात्र सर्वांचीच ताठर, पाणावलेली. या अवस्थेला पुढे ‘एआरडीएस’ हे नाव रूढ झाले. मुक्काम एक, पण वाटा निराळ्या, हे मला उमगायला २०२१चा एप्रिल यावा लागला.

माझे थोरले मेहुणे, आमचे अण्णा, तापाच्या नवव्या दिवशी चहा घेत म्हणाले, “मला काही झालेलं नाही.” बोटावरचे यंत्र ८२ दाखवत होते. यंत्रच बिघडले असेल, असे आम्ही ठरवले आणि एक रात्र घालवली. ते घरी परतले नाहीत.

पुढे एका डॉक्टर स्नेह्याने समजावले. मोठ्या जखमेनंतर वा रक्तात जंतुदोष पसरल्यावर फुप्फुस बहुधा काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत कोसळते, माणूस धापा टाकतो. करोनात हा घसरणीचा काळ बहुधा आठवड्यानंतर येई. कित्येकांना धापही लागत नसे. फुप्फुसाच्या बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्याही अधिक होत. पालथे झोपवण्याचा उपाय दोहोंकडे एकच. डेक्सामेथासोनने कृत्रिम श्वासावरील करोना रुग्णांचे मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने घटल्याचे २०२०मध्ये दिसले; प्राणवायूची गरज नसलेल्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. म्हणजे औषधालाही वेळ पाहावी लागते.

तेव्हापासून घरात कोणाला ताप आला, की पहिला दिवस मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत पेन्सिलीने टिपून ठेवतो.