वाघाच्या मावशीचं ताट : कच्चं की शिजवलेलं?

ज्या गावात न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, त्या गावात आज आपण मांजराच्या जेवणावर बोलणार आहोत. पुण्यातले विषय संपले की काय, असं कोणाला वाटेल. पण विषय हसण्यावारी नेण्यासारखा नाही, हे शेवटाला येईपर्यंत आपल्या लक्षात येईल.

प्रश्न साधा आहे. मांजराला कच्चं मांस घालावं की घालू नये? एक बाजू म्हणते, मांजर ही वाघाची मावशी. वाघ कुठे शिजवून खातो? दुसरी बाजू म्हणते, कच्च्या मांसातून रोग येतात, मांजरालाही आणि घरातल्या माणसांनाही. दोन्ही बाजू पोटतिडकीने बोलतात, कारण दोघांनाही आपलं मांजर जगायला हवं असतं. आम्ही पशुवैद्य नाही, इतिहासाचे विद्यार्थी आहोत. त्यामुळे आम्ही वेगळा प्रश्न विचारतो : आपल्याकडचं मांजर आजवर खात काय होतं?

सुरुवात वाड्यापासून करू. जुन्या वाड्यात वर्षाचं धान्य भरलेलं असे. बळदात, कणगीत, तळघरात. धान्य तिथे उंदीर, आणि उंदीर तिथे मांजर. मांजर पाळायचं ते मुख्यतः या कामासाठी. सदाशिव, नारायण, शनिवार अशा पेठांतली कितीतरी घरं शाकाहारी. मांजराच्या वाट्याला काय यायचं? दूधभात, नाहीतर दुधात कुस्करलेली पोळी. भाषेत बघा, ‘मांजर डोळे मिटून दूध पितं’, ‘शिंकं तुटलं नि बोक्याचं फावलं’. आपल्या म्हणींमधलं मांजर सतत दुधाच्या मागे आहे. त्यावरून कोणालाही वाटेल की मांजर दुधावरच जगतं.

पण म्हणी स्वयंपाकघरात बसून तयार झाल्या. मांजराचं खरं जेवण स्वयंपाकघरात होतच नव्हतं. ते बळदाच्या मागे, माळ्यावर, परसात रात्री होत होतं. उंदीर, चिमणी, पाल. तेही कच्चं, ताजं आणि आतड्या-काळजासकट. म्हणजे आपल्या शाकाहारी वाड्यातलं मांजरसुद्धा पूर्ण कच्च्या मांसाहारावर होतं. आपण वाढत होतो ते फक्त तोंडीलावणं. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा इथून सुरू होतो.

आता येऊ प्लेगकडे. १८९७ चा पुण्याचा प्लेग आपल्याला माहीत आहे तो रँडच्या तपासण्यांमुळे, २२ जूनच्या गणेशखिंड रस्त्यावरच्या गोळ्यांमुळे, आणि रुग्णांची सेवा करता करता १० मार्चला गेलेल्या सावित्रीबाईंमुळे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमधून पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत दाखवून दिलं. तो निष्कर्ष सगळ्यांनी मान्य करायला पुढे बरीच वर्षं गेली. पण एकदा उंदीर गुन्हेगार ठरला म्हटल्यावर मांजराचा भाव वाढणारच. वऱ्हाडात, अमरावतीला, अँड्र्यू ब्युकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. त्यांनी गावोगावची मांजरं विचारात घेतली आणि मत मांडलं की जिथे घरोघरी मांजर आहे तिथे प्लेग कमी आहे. १९०८ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांचा या विषयावरचा लेख आला.

गंमत कुठे आहे बघा. मांजर कच्चा उंदीर खातं, हाच त्याचा गुण म्हणून सरकारदरबारी मांडला गेला. पण दुसरी बाजू तेव्हाही होती आणि आज ती नक्की माहीत आहे : प्लेगचा उंदीर खाऊन मांजरालाच प्लेग होतो, आणि मांजराकडून तो माणसाकडे येऊ शकतो. म्हणजे कच्च्या आहाराचा फायदा आणि धोका एकाच उंदरात होता. शंभर वर्षांनंतरचा आपला वाद याहून फारसा वेगळा नाही.

मग वाडे गेले. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, नदीकाठच्या पेठा वाहून गेल्या. त्यानंतर शहर कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडी असं पसरत गेलं. वाड्यांच्या जागी सोसायट्या आल्या. धान्य महिन्याच्या महिन्याला डब्यात यायला लागलं. बळद गेलं, उंदीर कमी झाला, आणि मांजर तिसऱ्या मजल्यावर जाळी लावलेल्या गॅलरीत आलं. ताटात मात्र काय राहिलं? दूधपोळी.

आपल्याकडे एक गोष्ट सांगतात. सासू श्राद्धाच्या दिवशी मांजर टोपलीखाली झाकून ठेवायची, कारण ते खिरीत तोंड घालायचं. सासू गेली, मांजरही गेलं. तर सून श्राद्धाला शेजारचं मांजर मागून आणून टोपलीखाली झाकायला लागली! फ्लॅटमधली दूधपोळी तशीच आहे. ज्या उंदरामुळे ती चालून जायची तो उंदीर गेला, रीत तेवढी उरली. शिवाय मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही, जुलाब होतात. नुसत्या दूधपोळीवर ठेवलेलं मांजर हळूहळू खंगतं, आणि आपण म्हणतो, वय झालं.

हे खंगणं नेमकं कशाने, ते कळायला एक लांबचा वळसा घ्यावा लागतो. कॅलिफोर्नियात फ्रान्सिस पॉटेंजर नावाचे डॉक्टर क्षयरोग्यांच्या सॅनिटोरियममध्ये काम करत. तिथे प्रयोगासाठी मांजरं ठेवलेली होती, आणि त्यांना स्वयंपाकघरातलं उरलेलं शिजवलेलं मांस मिळे. मांजरं वाढली, अन्न पुरेना, म्हणून काहींना कच्चं मांस द्यायला सुरुवात झाली. कच्चं खाणारी मांजरं तरतरीत दिसायला लागली. तिथून १९३२ ते १९४२ अशी दहा वर्षं त्यांनी सुमारे ९०० मांजरांवर निरीक्षणं केली. शिजवलेल्या मांसावरची मांजरं पिढीगणिक खालावत गेली, असं त्यांनी नोंदवलं. आज कच्च्या आहाराची बाजू मांडणारे लोक हा दाखला हटकून देतात.

दाखला खोटा नाही. पण कारण काय, हे पॉटेंजरना कळायला मार्ग नव्हता. ते नंतर कळलं. मांसात टॉरिन नावाचं एक द्रव्य असतं. बैलाच्या पित्तातून ते १८२७ सालीच वेगळं काढलेलं होतं, पण मांजराला ते बाहेरूनच मिळावं लागतं हे १९७५ पर्यंत स्पष्ट नव्हतं. त्या वर्षी टॉरिनच्या अभावाने मांजराच्या डोळ्यांचा पडदा खराब होतो, हे सिद्ध झालं. १९८७ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी दाखवलं की मांजरांचा एक जीवघेणा हृदयविकार टॉरिन दिल्यावर चक्क बरा होतो. कारखान्यात तयार झालेलं खाद्य खाणाऱ्या मांजरांनाही तो विकार होत होता! त्यानंतर खाद्यातलं टॉरिन वाढवलं गेलं.

आता शिजवण्याचा आणि टॉरिनचा संबंध काय? टॉरिन पाण्यात विरघळतं. मांस उकळलं की ते बरंचसं पाण्यात उतरतं, आणि आपण ते पाणी ओतून देतो. म्हणजे दोष शिजवण्यापेक्षा पाणी फेकण्यात जास्त आहे. दूधपोळीत तर ते जवळजवळ नसतंच.

इथे आमचा मुख्य मुद्दा येतो. ‘कच्चं विरुद्ध शिजवलेलं’ हा वाद मांडतानाच दोन गोष्टींची सरमिसळ होते. मांजराला मांसाहार लागतो, हे निर्विवाद. ते गाजरातल्या रंगद्रव्यापासून अ जीवनसत्त्व बनवू शकत नाही, पुरेसं टॉरिन बनवू शकत नाही. पण मांसाहार लागतो याचा अर्थ कच्चाच लागतो असा होत नाही. कच्च्या आहाराच्या नावावर जे फायदे सांगितले जातात, त्यातले बरेच मांसाचे आहेत, कच्चेपणाचे नाहीत. उलटी उदाहरणंही आहेत. काही कच्च्या माशांत ब-१ जीवनसत्त्व नष्ट करणारं द्रव्य असतं. रोज असा मासा खाणारं मांजर लडखडायला लागतं, त्याला झटके येतात. मासा शिजवला की ते द्रव्य निकामी होतं.

तरी कच्च्याच्या बाजूचं श्रेय द्यायला हवं. या मंडळींनी मांजर मांसाहारी आहे हे आपल्याला पुन्हा ठासून सांगितलं. ओलसर मांसातून मांजराच्या पोटात पाणी जातं, जे कोरड्या दाण्यांतून जात नाही. आणि मांजर मुळात पाणी कमी पितं. हाडाच्या बाबतीतही त्यांचं एक म्हणणं बरोबर आहे : शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार कपच्या निघतात, ते कधीच देऊ नये.

आता पारड्याची दुसरी बाजू. वाड्यातला उंदीर मांजराने जागेवर मारून खाल्ला. आपण आणतो ती कोंबडी पोल्ट्रीतून दुकानात, दुकानातून पिशवीत, पिशवीतून ओट्यावर येते. वाटेत जंतूंना भरपूर वेळ मिळतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० ते २०१२ मध्ये पाळीव प्राण्यांच्या तयार कच्च्या खाद्याचे १९६ नमुने तपासले. १५ मध्ये साल्मोनेला आणि ३२ मध्ये लिस्टेरिया सापडला. निरोगी मांजर यातून अनेकदा सुटतं. पण ओटा, सुरी, मांजराचं ताट, आणि त्या ताटाशेजारी रांगणारं बाळ यांचं काय?

आणि मग बर्ड फ्लू. भारतातला पहिला उद्रेक आपल्याच राज्यातला : नंदुरबार जिल्ह्यातलं नवापूर, फेब्रुवारी २००६. पण त्याआधी २००४ मध्ये थायलंडच्या एका व्याघ्र-उद्यानात कोंबड्यांचं कच्चं मांस खाऊन वाघांना हा रोग झाला. मेलेले आणि मारावे लागलेले मिळून १४७ वाघ गेले. आपल्याला ते दूरचं वाटलं. डिसेंबर २०२४ मध्ये ते नागपूरला आलं. गोरेवाड्याच्या केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला. भोपाळच्या प्रयोगशाळेने एच५एन१ असल्याचं सांगितलं, आणि संशय खाद्यातल्या कोंबडीवर गेला. त्याच महिन्यात अमेरिकेत, ओरेगनमध्ये, घराबाहेर कधीही न गेलेलं एक मांजर गोठवलेलं कच्चं टर्कीचं मांस खाऊन त्याच रोगाने मेलं. ‘वाघ कुठे शिजवून खातो?’ हा युक्तिवाद ऐकला की आम्हाला गोरेवाड्याचे वाघ आठवतात.

पुण्यापुरतं आणखी एक सांगतो. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात गिलेन-बारे सिंड्रोमचे रुग्ण सापडू लागले. आकडा दोनशेच्या वर गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. संशय होता तो दूषित पाण्यावर. मांजरांचा त्याच्याशी काही संबंध नव्हता, हे स्पष्ट म्हणतो. पण हा जंतू कच्च्या कोंबडीत नेहमी आढळणारा आहे. तो काय करू शकतो हे या शहराने अतिदक्षता विभागात पाहिलं आहे. तेव्हा कच्ची कोंबडी घरात रोज हाताळायची तर कशी, हा प्रश्न फक्त मांजराचा राहत नाही.

टोक्सोप्लाझ्माचंही तसंच. कच्च्या मांसातून हा परजीवी मांजरात जातो, मांजराच्या विष्ठेतून बाहेर येतो. मांजराची ही भूमिका १९७० च्या सुमारास उलगडली, आणि त्या संशोधनात जे. पी. दुबे या मूळच्या भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. गरोदर बाई घरात असेल तर ‘मांजर हाकला’ असा सल्ला आपल्याकडे लगेच मिळतो. खरं तर मांजर हाकलण्याआधी त्याचं कच्चं मांस बंद करावं, आणि विष्ठेची वाळू दुसऱ्याने रोजच्या रोज काढावी.

मग तोलून पाहिल्यावर काय उरतं? आमचं मत असं. नुसती दूधपोळी हा मांजरावर अन्याय आहे, मग घर शाकाहारी असो वा नसो. कच्चं मांस हा त्यावरचा उपाय नव्हे. मधला रस्ता आहे : टॉरिन घातलेलं संतुलित तयार खाद्य, किंवा नीट शिजवलेलं मांस. ते आतपर्यंत ७० अंशांवर गेलं की बर्ड फ्लूचा विषाणू मरतो. नुसतं गोठवून मरत नाही. पाणी बेताचं घालायचं आणि ते फेकायचं नाही, रस्सा मांजरालाच द्यायचा. कांदा, लसूण, मीठ-मसाला नको. आणि फक्त शिजवलेल्या चिकनवर मांजर कायम ठेवायचं नाही. त्यात कॅल्शियम अपुरं पडतं, टॉरिनही कमी पडू शकतं. घरीच करायचं असेल तर पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्यावं. हे सगळं समजून उमजूनही कोणाला कच्चंच द्यायचं असेल, तर निदान घरात लहान मूल, गरोदर बाई, वृद्ध किंवा आजारी माणूस नाही ना, एवढं तरी पाहावं. आणि आसपास बर्ड फ्लूची बातमी असेल तर कच्ची कोंबडी घरात मांजरासाठी आणूच नये.

वाड्यातल्या मांजराचं जेवण आपण ठरवत नव्हतो, ते स्वतः ठरवत होतं. त्याचे फायदे त्याचे, धोकेही त्याचे. ज्या दिवशी आपण गॅलरीला जाळी लावली, त्या दिवसापासून ते ताट आपल्या हातात आलं. त्यात पोळी पडते की कोंबडी, हे आता मांजर ठरवत नाही. एवढंच सांगायचं होतं. आता प्रश्न घेऊ या.