स्किझोफ्रेनिया : जनुक-संपादित मूलपेशींवरील संशोधन

माणसाच्या रक्ताच्या वा त्वचेच्या पेशींपासून मूलपेशी बनवायच्या, त्यांतले ठरावीक जनुक बदलायचे किंवा दुरुस्त करायचे आणि त्यांपासून वाढवलेल्या चेतापेशींत काय फरक पडतो ते पाहायचे, अशी ही संशोधनपद्धती. जिवंत रुग्णाच्या मेंदूचा तुकडा काढून तपासता येत नाही आणि या मानसिक आजारात होणारे भास होतात का हे उंदराला विचारता येत नाही, म्हणून ही वाट निघाली.

प्रौढ पेशींना मूलपेशींच्या अवस्थेत नेण्याची युक्ती शिन्या यामानाका यांची (उंदीर २००६, माणूस २००७). २०११ मध्ये क्रिस्टन ब्रेनँड, फ्रेड गेज आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनियाच्या चार रुग्णांच्या पेशींपासून चेतापेशी वाढवल्या. त्यांच्यातले परस्परजोड कमी भरले. पण कोणत्याही दोन माणसांत लाखो जनुकीय फरक असतात. मग हा दोष आजाराचा, की निव्वळ माणूस वेगळा असल्याचा?

ही कोंडी जनुक-संपादनाने फोडली. पेशी एकाच माणसाच्या, संच दोन, फरक नेमका एका जागी. २०१४ मध्ये हा आजार असलेल्या एका अमेरिकी कुटुंबातील डिस्क-१ जनुकात गळालेली डीएनएची चार अक्षरे परत भरल्यावर चेतापेशींच्या जोडांचे काम सुधारले. निरोगी पेशींत तीच अक्षरे गाळल्यावर ते बिघडले. असा दुहेरी पुरावा मानसिक आजारांत दुर्मीळच. तरीही मोठ्या जनुकीय पाहण्यांत डिस्क-१ ला पुढे फारसे स्थान उरले नाही. २०२२ च्या पाहणीत या आजाराशी निगडित २८७ जनुकीय ठिकाणे आढळली. बहुतेकांचा वाटा अगदी किरकोळ. २०१९ मध्ये चार जनुकांत एकत्र फेरफार केले, तेव्हा परिणाम त्यांच्या सुट्या परिणामांच्या बेरजेहून अधिक दिसला.

मर्यादा मोठी आहे. बशीतल्या चेतापेशी गर्भातल्या मेंदूइतक्याच कोवळ्या असतात, आजार मात्र सहसा ऐन तारुण्यात उघड होतो.

बंगळुरूत निम्हान्स, एनसीबीएस आणि इनस्टेम या संस्था एकाच घरातल्या अनेकांना मानसिक आजार असलेल्या कुटुंबांच्या पेशी जमवून मूलपेशींवर अभ्यास करतात. मराठी समाजात या आजाराची ओळख ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने आणि पुण्याच्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने घरोघरी पोचवली.

या संशोधनातून अजून उपचार हाती आलेला नाही. खेड्यातला रुग्ण असो वा पुण्यातला, आज आधार आहे तो नियमित औषधांचा आणि समुपदेशनाचा. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.